पानात न मावणारी लाट

लाटराव हे नाव त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ते प्रयोगशाळेनं ठेवलं आणि मग असं काही चिकटलं की पगाराच्या यादीतलं खरं नाव वाचून कारकूनच विचारायचा, "हे कोण नवीन लागलेत?"

वय एक्कावन्न. अंगकाठी मिटलेल्या छत्रीसारखी. शर्टाच्या बाह्या बारा महिने कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि उजव्या घडीत एक पेन्सिल खोचलेली. ती पेन्सिल ते दिवसातून चार वेळा टेबलभर शोधायचे. बावीस वर्षं हा माणूस एकच काम करत आला होता. समुद्र उद्या जे करेल, ते आज स्वतः लहान प्रमाणात करून बघायचं आणि त्याचा जोर किती, ते कागदावर मांडायचं.

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. आत काचेच्या भिंतींचा, चाळीस मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असा कालवा. त्याला सगळे फ्लूम म्हणत. एका टोकाला भलीमोठी टाकी, टाकीच्या तोंडाशी लोखंडी दार. दार खटकन वर गेलं की तुंबलेलं पाणी एकदम सुटायचं आणि फेसाची भिंत होऊन कोरड्या तळावरून धावायचं. सुनामी किनाऱ्यावर चढल्यावर अशीच धावते. दुसऱ्या टोकाला एखादी इमारत बिचारी वाट बघत उभी असायची. खऱ्या इमारतीपेक्षा पंचवीस पट लहान, पण खांब, जिने, खिडक्या सगळं जागच्या जागी. तिच्या पाठीशी सेन्सर. पाणी आदळलं की सेन्सर सांगणार, किती जोरात बसली.

"ये, ये, लाजू नको," दार उघडताना लाटराव पाण्याला म्हणायचे. मग पाणी आदळलं की डोळे बारीक करून, जणू स्वतःच्याच पाठीत बसल्यासारखं, "स्स्स!"

सेन्सर चिकटवणं, तारा जोडणं, कॉम्प्युटरवर आलेख काढणं हे काम सेन्सरबाईंचं. बाई चाळिशीच्या आणि फटकळ. तोंडात कायम इन्सुलेशन टेपचा तुकडा धरलेला, त्यामुळे त्यांचे अर्धे टोमणे टेपमध्येच अडकायचे. उरलेले अर्धे लाटरावांना पुरून उरायचे.

या धंद्यामुळे लाटरावांचं सामाजिक आयुष्य मात्र बुडालं होतं. कुठल्याही नव्या घरात गेले की सोफ्यावर बसण्याआधी खांबाला टिचकी मारायचे. मेहुणीच्या मुलीच्या लग्नात, हॉल चांगला आहे ना, असं कुणीतरी कौतुकानं विचारलं. हे म्हणाले, "चांगला आहे, पण तीन मीटर पाण्यात ही दर्शनी भिंत आधी जाईल, मग स्टेज, मग नवरा-नवरी." त्या दिवसापासून बायकोनं त्यांना लग्नांना न्यायचं बंद केलं. घरी टाळं नको म्हणून हे राहतात, असं ती बाहेर सांगायची.

तर असा हा प्रामाणिक, पापभीरू माणूस. आणि बावीस वर्षं तो रोज एक लहानसं पाप करत होता. त्याला ते पाप आहे हेच ठाऊक नव्हतं.

त्याचं असं होतं. पाण्याची भिंत सिमेंटच्या भिंतीवर आदळते, तेव्हा आलेखातली रेघ एकदम सरळ वर जाते, ताडासारखी. ती पहिली थप्पड. मग रेघ खाली येते आणि बराच वेळ सपाट चालते. तो नंतरचा रेटा, पाण्याचं ढकलत राहणं. लाटरावांच्या आधी प्रयोगशाळेत थोरले मास्तर होते. त्यांच्या काळात आलेख कागदाच्या गुंडाळीवर सुईनं उमटायचा. एकदा ती पहिली थप्पड इतकी जोराची निघाली की रेघ पानाच्या वरच्या कडेबाहेर गेली. मुख्य कार्यालयानं अहवाल परत पाठवला. समासात लाल शाईत शेरा: 'आलेख पानात मावत नाही. दुरुस्त करून सादर करावा.'

मोठं पान घ्यावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मोठ्या पानासाठी वेगळी मागणी नोंदवावी लागायची. थोरल्या मास्तरांनी पांढऱ्या शाईची बाटली काढली, ब्रशनं रेघेचं टोक नाजूकपणे पुसलं आणि खाली सपाट रेघेला जोडून टाकलं. अहवाल दोन दिवसांत मंजूर. त्या दिवसापासून प्रयोगशाळेत ही रीतच पडली. तिला नावही मिळालं: शेंडा खुडणे. झाडाचा वाढलेला शेंडा माळी खुडतो तसा. पुढे रीतीला कारणही सापडलं. मास्तर सांगायचे, "अरे, तो शेंडा म्हणजे उपकरणाचा गोंगाट. सेन्सर दचकतो." मास्तर निवृत्त झाले, पांढरी शाई वाळली, कॉम्प्युटर आला. आता शेंडा खुडायला एक बटण होतं. सेन्सरबाई ते जांभई देता देता दाबायच्या.

एके दिवशी मुख्य कार्यालयातल्या साहेबांनी लाटरावांना बोलावलं.

साहेबांची खोली थंडगार होती. भिंतीवर समुद्राचं मोठं छायाचित्र, शांत, निळंशार, अंगाखांद्यावर एक लाट नाही. समोर आर्किटेक्टबाई बसलेल्या, मांडीवर रंगीत नकाशांची सुरळी.

"या, लाटराव! तुमच्या बहिणीच्या शाळेचं भाग्य उजळलंय."

ताईची शाळा किनाऱ्यापासून दोनशे पावलांवर. दोन वर्षांपूर्वीच तिची नवी इमारत झाली होती, आणि तिचं गणित लाटरावांनीच केलं होतं. तळमजला पूर्ण मोकळा, नुसते सहा खांब. वर दोन मजले वर्ग आणि त्यावर भक्कम गच्ची. भोंगा वाजला की शाळेची दोनशे चाळीस मुलं आणि आसपासची सगळी वस्ती त्या गच्चीवर चढणार. पाणी खालून, खांबांच्या मधून, निघून जाणार.

"भाग्य म्हणजे?"

"खालची जागा फुकट जातेय," आर्किटेक्टबाई म्हणाल्या. "सायकली आणि कुत्री. आम्ही तिथे एक दालन करतोय. सुनामी जनजागृती दालन! चित्रं, मॉडेल्स, लहान मुलांसाठी लाटेचा आवाज."

"आणि भिंती?"

"समुद्राच्या बाजूला एकच. सलग. काँक्रीटची. वीस मीटर. चित्रं लावायला अखंड जागा हवी ना!"

लाटराव उभेच राहिले. "म्हणजे पाणी जायची वाट बंद करून आपण लोकांना पाणी कसं येतं ते समजावणार."

"बघा, किती सोप्या शब्दांत सांगितलंत!" साहेब खूश झाले. "हे वाक्य उद्घाटनाला वापरू."

"साहेब, नुसत्या खांबांवर पन्नास टनांच्या आतबाहेर जोर येतो. भिंत घातली की तो कितीतरी पटींनी वाढणार. तो सगळा जोर भिंत खांबांना देणार."

"खांब किती सहन करतील?"

"साडेतीनशे टन. त्याच्या पुढे माझी जबाबदारी नाही."

"मग काय अडचण आहे? तुम्ही तीनशे चाळीस काढा." साहेबांनी हात असा पसरला जणू भाजीवाल्याला शेवटचा भाव सांगताहेत. "शुक्रवारी समितीची बैठक आहे. तोवर प्रयोग करा, आकडा आणा. अहो, तुमचे आकडे नेहमी बसतात. म्हणून तर तुम्हाला बोलावतो."

हे शेवटचं वाक्य लाटरावांना स्तुतीचं वाटलं. निदान जिना उतरेपर्यंत.

घरी पोचतात तोवर ताई आधीच येऊन बसलेली. ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, शाळेची मुख्याध्यापिका. ती कुठल्याही खोलीत शिरली की बसलेली माणसं आपोआप ताठ होत. लाटरावांना ती अजून छोट्या म्हणायची, आणि बायकोनं आणलेला चहा आधी फुंकून मग त्यांच्याकडे सरकवायची.

"छोट्या, कळलं का? दालन मिळतंय आम्हाला!"

"कळलं."

"असा काय चेहरा केलास? सहा वर्ग आणि चार खोल्या, माहितेय ना तुला? तिसरी-चौथी पाठीला पाठ लावून बसतात. तिसरीला पाढे, चौथीला कविता. पोरं पाढे चालीत म्हणायला लागलीयत! दालनाच्या मागं दोन खोल्या देणार आहेत मला. पालकसभेत सांगून पण टाकलं मी. टाळ्या वाजवल्या लोकांनी."

"ताई, आधी प्रयोग करावा लागेल."

"कर ना. तुझ्या हातचंच आहे. तू एकदा बसतं म्हणालास की बसलं."

लाटरावांनी चहात पाहिलं. पेल्यात चहा डचमळत होता, कडेला लागून परत येत होता. ताईसमोर बोलायचं तर आधी उत्तर पाठ असावं लागायचं.

बुधवारी सकाळी शाळेचं मॉडेल फ्लूममध्ये उभं राहिलं. दोन वर्षांपूर्वीचंच, फक्त आता त्याच्या पायाशी ऐंशी सेंटिमीटरची पांढरी भिंत. सेन्सरबाईंनी तोंडातला टेप काढून शेवटची तार बांधली.

"सोडा."

दार खटकन वर गेलं. पाणी सुटलं. लाटराव "ये, ये" म्हणायचं विसरले. फेसाची भिंत धावत आली आणि पांढऱ्या भिंतीवर अशी आपटली की पाणी उभं उसळून वरच्या वर्गांच्या खिडक्यांतून आत गेलं. काचेपलीकडे शेडभर धाड घुमली.

सेन्सरबाईंनी कॉम्प्युटरकडे पाहिलं. "एकतीस किलो. वर शेंडा, मग साडेवीसवर सपाट. खुडू?"

मॉडेलवरच्या एका किलोचे खऱ्या शाळेवर साडेपंधरा टनांहून थोडे जास्त होतात. लाटरावांनी बाहीतली पेन्सिल शोधली, सापडली, मांडलं. शेंडा खुडला तर तीनशे वीस टन. खांब तरणार, दालन होणार, ताईला खोल्या मिळणार, साहेब खांद्यावर हात टाकणार. शेंडा ठेवला तर चारशे चौऱ्याऐंशी.

"खुडू ना?" बाईंचं बोट बटणावर.

"थांबा. परत सोडा."

"का?"

"सोडा हो."

टाकी भरायला चाळीस मिनिटं लागायची. भरली. सोडली. एकतीसला थोडं कमी. परत भरली. परत सोडली. एकतीसला थोडं जास्त. तिन्ही वेळा शेंडा त्याच जागी, तेवढाच उंच, तेवढाच टोकदार. लाटरावांनी तिन्ही आलेख एकावर एक धरून उजेडात पाहिले. एकच रेघ दिसत होती.

"बाई, मास्तर म्हणायचे हा गोंगाट आहे."

"म्हणायचे खरं."

"गोंगाट तीन-तीनदा एकाच सुरात गातो का हो?"

सेन्सरबाईंनी बटणावरचं बोट उचललं आणि पदराला पुसलं, जणू त्याला काही लागलंय. "तुम्ही हे आजच विचारताय?"

"तुम्ही कधी विचारलं होतंत?"

"मला कुणी विचारायला सांगितलं नव्हतं."

काचेवरून पाणी ओघळत होतं. मग लाटरावांनी कागदावर आणखी एक गणित केलं. मॉडेलमध्ये हा शेंडा टिकला सहा शतांश सेकंद. खऱ्या शाळेत वेळ पाचपट होतो, म्हणजे तीन दशांश सेकंद. त्यांनी एक टाळी वाजवून पाहिली. जेमतेम तेवढा वेळ. पण शाळेला एकदा जोरात हलून मोडायला तेवढा पुरे होता.

ताईला फोन केला तेव्हा त्यांच्या तोंडून एवढंच निघालं: "ताई, उद्या प्रयोगशाळेत ये. बघायला."

"काय बघायला?"

"ये तू."

गुरुवारी ताई मधल्या सुट्टीत आली, हातात पट्टी तशीच. लाटरावांनी काही न सांगता पाणी सोडलं. धाड झाली. पाणी वरच्या मजल्याच्या खिडक्यांत शिरलं. ताई एक पाऊल मागे सरली.

"ही तिसरीची खिडकी," ती म्हणाली.

मग त्यांनी भिंत उचकटून काढली आणि पुन्हा सोडलं. या वेळी पाणी खांबांमधून गुरगुरत गेलं, खांबांभोवती पांढरे वळसे पडले, आणि वर सगळं कोरडं. सेन्सरबाईंनी वाचलं, "तीन किलो."

ताईला गणित सांगावं लागलं नाही. ती वर्षानुवर्षं पोरांना त्रैराशिक शिकवत होती. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बरं. म्हणजे खोल्या गेल्या."

"ताई..."

"गेल्या तर गेल्या. पोरं पाढे गातील अजून थोडे दिवस." तिनं पट्टी मांडीवर आडवी ठेवली. "पण मला एक सांग. परवा साहेब मला फोनवर म्हणाले, लाटरावांचे आकडे नेहमी बसतात. नेहमी कसे बसतात रे?"

लाटरावांनी सेन्सरबाईंकडे पाहिलं. बाईंनी घाईघाईनं टेप तोंडात घातला.

मग त्यांनी सांगितलं. लाल शाईचा शेरा, पांढरी शाई, बटण, सगळं. सांगताना आवाज असा बारीक झाला की ताईला मध्ये दोनदा "मोठ्यानं!" म्हणावं लागलं.

"म्हणजे," सगळं ऐकून ताई म्हणाली, "उत्तर पानात मावलं नाही म्हणून तुम्ही उत्तर खोडलंत."

"तसं नाही..."

"तसंच आहे. माझ्या चौथीतल्या पोरानं हे केलं असतं तर मी काय केलं असतं?"

"पुरवणी दिली असतीस," लाटराव खाली मान घालून म्हणाले.

"गाढवा, बावीस वर्षं?"

"बावीस. आधी मास्तरांची वेगळी."

ताई उठली. दारापर्यंत गेली, वळली. "शुक्रवारी किती वाजता आहे बैठक?"

शुक्रवारी समितीच्या टेबलाशी पाच जण. साहेब, आर्किटेक्टबाई, दालनाचं पत्रक घेऊन आलेले प्रसिद्धी अधिकारी, लाटराव, आणि शाळेच्या वतीनं ताई. ताईनं येऊ का विचारल्यावर साहेबांनी आनंदानं होकार दिला होता. शाळेची गरज तिच्याच तोंडून ऐकली की आकडा नरम पडेल, असा त्यांचा हिशेब.

"हं, लाटराव. काढा आकडा."

"चारशे चौऱ्याऐंशी टन."

प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी पत्रक उलटं ठेवलं. साहेब हसले. थट्टा समजून घेणारं ते हसू होतं. "अहो, काहीतरी गोल सांगा."

"पाचशे."

"गोल म्हणजे खालच्या बाजूला हो! तुमचे आलेख तर नेहमी सपाट असतात. या वेळी हे वर काय काढलंय, नाग उभा राहिल्यासारखं?"

"ती पहिली थप्पड आहे, साहेब. आधीही असायची."

"किती वेळ टिकते ही थप्पड?"

"तीन दशांश सेकंद."

"तीन दशांश!" साहेबांनी सगळ्यांकडे विजयी नजर फिरवली. "एवढ्या क्षणभरासाठी आपण लोकशिक्षण थांबवायचं? सरासरी काढा ना. तासाभराची काढा."

"साहेब, कुणी थोबाडीत दिली आणि दिवसभराची सरासरी काढली, तर गालाला काहीच लागलेलं नसतं."

आर्किटेक्टबाई खुदकन हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. "आपण भिंतीला फिकट निळा रंग देणार होतो. रंगानं काही फरक पडेल का?"

"कोणाला?"

"जोराला."

"नाही, बाई."

"बरं, चारशे," साहेब पुढे झुकले. "तुम्ही चारशेवर या, खांब जरा जाड करू असं लिहू."

"खांब दोन वर्षांपूर्वीच उभे राहिलेत."

"लिहू म्हटलं मी. करू कुठं म्हटलं?"

"साहेब, मी आलो तरी लाट चारशेवर येणार नाही. तिला कुणी बैठकीचं पत्र पाठवलेलं नाही."

साहेबांचा आवाज बदलला. "लाटराव, तुमचे आजवरचे सगळे आकडे या टेबलावर बसले. आजच काय झालं? बहिणीची शाळा आहे म्हणून?"

लाटरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कारण साहेब खरं बोलत होते. दुसऱ्या कुणाची शाळा असती तर बुधवारी सकाळी सेन्सरबाईंचं बोट बटणावर पडलं असतं, आणि लाटराव तेव्हा टेबलभर पेन्सिल शोधत असते.

"हो," ते म्हणाले. "बहिणीची शाळा आहे म्हणूनच थांबलो. आधी थांबायला हवं होतं. आधीचे आकडे बसले कारण त्यांचं वरचं टोक आम्ही कापत होतो."

वातानुकूलन यंत्रानं घसा खाकरला.

"हे इतिवृत्तात घेऊ नका!" साहेब ओरडले. इतिवृत्त लिहायला कुणीच नव्हतं. प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी तरी खबरदारी म्हणून पेनाला टोपण लावलं.

मग ताईनं पिशवीतून एक कागद काढला. रेघांचा, शाळेतल्या वहीचा. वळणदार अक्षरात एक वाक्य लिहिलेलं. तिनं ते वर्गात वाचतात तसं वाचलं.

"'माझ्या मते या भिंतीवर लाट रिकामी जागा टनांपेक्षा जास्त जोरानं आदळणार नाही, आणि गच्चीवर उभ्या असलेल्या माणसांची जबाबदारी माझी.' खाली नाव, हुद्दा, सही. ज्यांना आकडा कमी हवाय त्यांनी आपापला आकडा भरायचा. मला चालेल. मला दोन खोल्या हव्याच आहेत. भरा, साहेब. तुमच्यापासून."

कागद साहेबांसमोर आला. साहेबांनी तो वाचला, उलटा करून मागं काही लिहिलंय का पाहिलं. "मॅडम, मी म्हणजे... मी फक्त पुढे पाठवतो. आकडा तांत्रिक बाब आहे."

"आत्ता चारशे म्हणालात ते?"

"ती चर्चा होती."

कागद आर्किटेक्टबाईंकडे सरकला. "माझं क्षेत्र दर्शनी भाग," त्या म्हणाल्या आणि बोटाच्या टोकानं, ओल्या वस्तूला ढकलावं तसा, तो पुढे ढकलला. प्रसिद्धी अधिकारी खिसे चाचपायला लागले. "चष्मा गाडीत राहिला वाटतं." चष्मा त्यांच्या नाकावर होता. त्यांच्याच हाताला तो लागला, त्यांनी तो काढून खिशात ठेवला आणि मग म्हणाले, "हां, आता खरंच दिसत नाही."

कागद टेबलाची फेरी मारून लाटरावांसमोर आला.

"तू?" ताईनं विचारलं. ती मोठ्या बहिणीसारखं विचारत नव्हती, आणि मुख्याध्यापिकेसारखंही नाही. तिला खरंच माहीत नव्हतं हा काय करेल.

लाटरावांनी पेन्सिल ठेवून पेन मागून घेतलं. 'माझ्या मते'पासून 'आदळणार नाही'पर्यंत त्यांनी खोडलं, वर लिहिलं, 'आम्ही मोजलेली लाट चारशे चौऱ्याऐंशी टनांनी आदळली. याहून मोठी येणारच नाही असं मी म्हणत नाही. खांब साडेतीनशेला मोडतील.' आणि पूर्ण नाव लिहून सही केली. पगाराच्या यादीतलं नाव. साहेबांनी वाकून वाचलं आणि क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर, हे कोण, असा भाव आला.

त्या कागदापुढे मग फार वेळ लागला नाही. सही असलेला मोठा आकडा एक, सही टाळणारी माणसं तीन. साहेबांनी घसा साफ केला आणि ठराव सांगितला: "दालनाचा प्रस्ताव स्वागतार्ह असून, अधिक सखोल अभ्यासासाठी योग्य वेळी पुन्हा विचारात घेण्यात येईल."

लाटरावांनी बावीस वर्षं ही भाषा ऐकली होती. प्रस्ताव जागच्या जागी गतप्राण झाला होता. शाळेचा तळमजला मोकळा राहणार होता, सायकली आणि कुत्र्यांसकट.

बाहेर व्हरांड्यात ताई भिंतीला टेकून उभी राहिली.

"पालकसभेत काय सांगू आता?" ती म्हणाली.

"मी येतो सांगायला."

"तू नको. तू आलास की लोकांना वाटेल लाट आली." मग थोडं थांबून, "छोट्या, किती इमारती?"

त्यांना विचारावं लागलं नाही की कसल्या. "सतरा."

"पुढं भिंत असलेल्या?"

"अकरा."

"त्यात आधी कुठली?"

तेवढ्यात साहेब मागून झपझप आले, ताईला पाहून हसले, लाटरावांना कोपरानं बाजूला घेतलं. "झालं ते झालं. ही एक शाळा वाचली ना? आता जुनं उकरू नका. आठ वर्षांनी निवृत्त व्हाल, मस्त हार घालू. अकरा इमारतींना पत्रं गेली तर लोक विचारतील, इतके दिवस काय करत होतात. काय उत्तर देणार?"

"खुडत होतो, म्हणून सांगेन."

"लाटराव, मी आदेश देणार नाही."

"नका देऊ," लाटराव म्हणाले. त्यांचा आवाज बारीकच होता, पण ताईला या वेळी "मोठ्यानं" म्हणावं लागलं नाही.

ते शेडमध्ये परतले तेव्हा सेन्सरबाई डबा उघडून बसल्या होत्या.

"काय झालं?"

"भिंत गेली. बाई, किनाऱ्यावरच्या दवाखान्याचं मॉडेल कुठंय?"

"माळ्यावर. प्रसूती विभागाची बाजू उंदरांनी कुरतडलीय." बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "का? त्याची फाईल बंद होऊन नऊ वर्षं झाली. कुणाचा आदेश आहे?"

"कुणाचा नाही."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग त्या उठल्या, हात धुतले, टेपचं रीळ मनगटात अडकवलं आणि शिडी ओढत आणली. लाटरावांनी टाकीचा नळ सोडला. आत पाणी पडू लागलं. भरायला चाळीस मिनिटं लागणार होती. तेवढ्या वेळात ते दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना लिहायच्या पत्राचं पहिलं वाक्य जुळवत उभे राहिले. 'आपल्या इमारतीबद्दल मी नऊ वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा चुकीचा होता.' एवढं झालं. पुढचं जुळेना. वर माळ्यावरून सेन्सरबाई ओरडल्या, "खाली धरा हो, जड आहे!" आणि ते दोन्ही हात वर करून शिडीखाली गेले.